वगळलेल्या तीन ओळी

मूळ तक्ता दहा ओळींचा होता. घरगुती रूम हीटरच्या दहा नमुन्यांची चाचणी आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेने घेतली होती आणि प्रत्येक ओळीत नमुन्याचा क्रमांक, सलग चालवल्याची मिनिटे आणि पुढच्या जाळीचे तापमान यांची नोंद होती. नियामक संस्थेने त्या सुमारास जाळीच्या तापमानाची कमाल मर्यादा खाली आणण्याचा मसुदा हरकती व सूचनांसाठी खुला केला होता, कारण लहान मुलांचे हात भाजल्याच्या तक्रारी तिच्याकडे आल्या होत्या. मी कंपनीच्या धोरण विभागात असल्यामुळे आमच्या बाजूचे निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. प्रचलित मर्यादा पुरेशी आहे आणि आमची उत्पादने तिच्यात सहज बसतात, असे आमचे म्हणणे होते. दहापैकी सात नमुने खरोखरच तिच्यात बसत होते. उरलेले तीन, चार तास सलग चालल्यावर, मर्यादेच्या बाहेर जात होते.

वरिष्ठांनी त्या तीन ओळी काढायला सांगितल्या. ते नमुने जुन्या बॅचचे आहेत, आता आपण तसे बनवतच नाही, असे कारण त्यांनी दिले, आणि ते खरेही होते. मात्र जुनी बॅच विकली जाऊन लोकांच्या घरांत पोचलेली होती. मी ओळी काढल्या, अनुक्रमांक पुन्हा एकपासून सातपर्यंत लावले आणि तक्त्याच्या वर लिहिले, ‘सात नमुन्यांच्या चाचणीचे निकाल सोबत जोडले आहेत.’ या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ हे शब्द आपल्याकडे लहानपणापासून कानांवर पडतात, पण ते आपण स्वतः उच्चारत आहोत हे त्या क्षणी कळत नाही, निदान मला कळले नाही.

काही महिन्यांनी अंतिम निर्णय आणि त्यासोबतचे स्पष्टीकरणाचे टिपण प्रसिद्ध झाले. मर्यादा होती तशीच राहिली होती, आणि टिपणात आमचा तक्ता छापलेला होता. पाचव्या ओळीत माझ्या हातून २४० मिनिटांच्या जागी २१० टंकले गेले होते. टिपणातल्या पाचव्या ओळीतही २१० होते. ती चूक छापील कागदावर पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तक्ता कोणीही पडताळला नव्हता. मूळ आकडे पाहावेत, दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावेत, एवढी माणसे आणि एवढा वेळ त्या कार्यालयाकडे नसावा. ज्यांची मुले भाजली होती ते पालक तक्रार नोंदवून आपापल्या घरी गेले होते. चाचणीचा तक्ता त्यांच्यापैकी कोण मांडणार होते? समितीपुढे बोलणारे आम्ही, आकडे पुरवणारेही आम्हीच.

लॉबिंगच्या, म्हणजे कायदे आणि धोरणे आपल्या बाजूने वळावीत म्हणून ती ठरवणाऱ्यांना भेटून केलेल्या प्रयत्नांच्या, नैतिकतेविषयी मी गेली काही वर्षे जो विचार करते आहे, त्याची सुरुवात या २१० च्या आकड्यापासून झाली.

या विषयावर बोलताना लोक बहुधा लाचेकडे वळतात. मराठीत लॉबिंगला चपखल शब्द नाही, आणि ‘वशिला’ किंवा ‘दलाली’ म्हटले की बंद पाकिटे, परदेशवाऱ्या आणि महागड्या मेजवान्या डोळ्यांपुढे येतात. असे प्रकार घडले आहेत, हे खरे. अमेरिकेत जॅक अब्रामॉफ या लॉबिस्टने २००६ मध्ये फसवणूक, करचुकवेगिरी आणि लोकप्रतिनिधींना लाच देण्याचा कट हे गुन्हे कबूल केले, आणि पुढच्याच वर्षी तिथे भेटवस्तू व प्रवासखर्चावर कडक निर्बंध आणणारा कायदा झाला. २०११ मध्ये ब्रिटनच्या पत्रकारांनी लॉबिस्ट असल्याची बतावणी करून युरोपीय संसदेच्या सदस्यांना कायद्यातल्या दुरुस्त्यांसाठी पैसे देऊ केले, तेव्हा काही सदस्य तयार झाले आणि त्यांतील काहींना पुढे शिक्षाही झाली. अशा प्रकरणांत योग्य काय आणि अयोग्य काय हे ठरवायला विचार करावा लागत नाही, म्हणूनच माझ्या मते ती या विषयातली सर्वांत सोपी बाजू आहे. आमच्या तीन ओळींच्या प्रकरणात कोणी कोणाला काही दिले नव्हते. भेटीची रीतसर नोंद होती, निवेदनावर कंपनीचे नाव होते, आणि कोणत्याही नियमाचा भंग झालेला नव्हता.

लॉबिंग मुळातच अनैतिक आहे, अशीही एक जुनी भूमिका आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८७४ मध्ये ट्रिस्ट विरुद्ध चाइल्ड हा खटला आला. निकोलस ट्रिस्ट या मुत्सद्द्याने मेक्सिकोबरोबरचा १८४८ चा तह घडवून आणला होता आणि त्या कामाचे पैसे सरकारकडून मिळावेत म्हणून त्याने एका माणसाला, मिळणाऱ्या रकमेच्या २५ टक्के बोलीवर, काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, प्रयत्न करायला सांगितले होते. रक्कम मंजूर झाली, हिस्सा देण्यावरून वाद झाला, आणि न्यायालयाने असा करारच सार्वजनिक हिताविरुद्ध असल्याने तो अंमलात आणता येणार नाही असे ठरवले. १८७७ मध्ये जॉर्जिया राज्याने तर आपल्या राज्यघटनेतच लॉबिंग हा गुन्हा असल्याचे लिहून ठेवले. या भूमिकेमागची चीड मला समजते, पण ती मला पटत नाही. रसायनांचा साठा कसा करावा, औषधाच्या वेष्टनावर काय छापावे, विजेच्या उपकरणाची जाळी किती तापू द्यावी, हे कायदा करणाऱ्याला स्वतःहून माहीत असण्याचे कारण नाही. ते त्या व्यवसायातल्या माणसाला माहीत असते. त्याने ते जाऊन सांगणे हा त्याचा हक्क आहे, आणि पुष्कळदा ते लोकांच्याही फायद्याचे असते. आपला धंदा टिकावा म्हणून बोलणेही गैर नाही. ओझोनच्या थराला घातक ठरणाऱ्या सीएफसी वायूंवरील निर्बंधांना ड्युपाँट कंपनीने आधी विरोध केला आणि १९८८ मध्ये, पुराव्यापुढे, उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. पर्यायी रसायने तिच्याकडे तयार होत होती आणि त्यांत तिचा फायदा होता, म्हणून तो निर्णय कमी प्रतीचा ठरत नाही.

तेव्हा आपल्या हिताची बाजू मांडण्याला माझी हरकत नाही. बाजू मांडताना काय गाळायचे नाही, हा माझा प्रश्न आहे.

तीन ओळींविषयी मी माझी अस्वस्थता बोलून दाखवली तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने वकिलाचे उदाहरण दिले. वकील आपल्या अशिलाची बाजू मांडतो, विरुद्ध बाजूचे पुरावे शोधून देणे त्याचे काम नाही. आपणही कंपनीचे वकीलच आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. या व्यवसायातला जवळपास प्रत्येक माणूस हा दाखला देतो आणि मनापासून देतो. मीही बराच काळ तो मान्य केला होता. पण वकिलाला हे स्वातंत्र्य ज्यामुळे मिळते ती सगळी व्यवस्था लॉबिस्टच्या बैठकीत नसते. न्यायालयात समोर दुसरा वकील बसलेला असतो, तो उलटतपासणी घेतो, कागदपत्रे मागवून घेतो, आणि दोघांचे ऐकणारा न्यायाधीश दोघांपासून सारखाच दूर असतो. त्या व्यवस्थेत एका बाजूने गाळलेले दुसरी बाजू बाहेर काढेल, असा भरवसा ठेवता येतो. धोरण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या खोलीत मी सादरीकरण करत होते तेव्हा समोरच्या खुर्च्यांवर ऐकणारे होते. उलटतपासणी घेणारे कोणी नव्हते.

आणि वकिलांचाच दाखला घ्यायचा तर तो पुरा घ्यावा. दुसरी बाजू हजर नसताना, म्हणजे एकतर्फी सुनावणीत, वकिलाचे कर्तव्य पालटते. इंग्लंडमधून आलेल्या न्यायपरंपरेत एकतर्फी आदेश मागणाऱ्याने आपल्या विरुद्ध जाणाऱ्या बाबीही स्वतःहून न्यायालयापुढे ठेवायच्या असतात, आणि त्या दडवल्याचे उघड झाले तर तेवढ्या कारणावरून आदेश रद्द होऊ शकतो. अमेरिकी वकील संघाच्या आदर्श आचारसंहितेतही एकतर्फी कामकाजासाठी असाच स्वतंत्र नियम आहे, की वकिलाने आपल्याला ज्ञात असलेली सर्व महत्त्वाची तथ्ये, प्रतिकूल असली तरी, न्यायालयाला सांगावीत. हा नियम वाचला त्या दिवशी माझ्या मनातला गोंधळ संपला. लॉबिंगची बहुतेक प्रत्येक बैठक ही एकतर्फी सुनावणी असते. मग तिथे जाणाऱ्यावर एकतर्फी सुनावणीचे कर्तव्य का नसावे? आम्ही वकिलाचा हक्क तेवढा उचलला होता, आणि त्या हक्काला जोडून येणारे बंधन मात्र न्यायालयाच्या दारातच ठेवून आलो होतो.

गेल्या शतकातल्या मोठ्या प्रकरणांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांच्या मुळाशी वगळलेल्या ओळीच सापडतात. सर्वांत ठळक उदाहरण मला ग्लोबल क्लायमेट कोअलिशनचे वाटते. तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांतील कंपन्यांची ही संघटना १९८९ मध्ये स्थापन झाली आणि २००२ पर्यंत चालली. हरितगृह वायूंवर मर्यादा घालणाऱ्या करारांना विरोध करणे हे तिचे काम होते. १९९५ मध्ये तिच्याच तांत्रिक सल्लागारांनी एक अंतर्गत मसुदा तयार केला. मानवनिर्मित वायूंमुळे हवामानावर परिणाम होऊ शकतो, याचा शास्त्रीय पाया भक्कम आहे आणि तो नाकारता येणार नाही, असे त्यात लिहिले होते. मसुद्याच्या एका भागात संशयवाद्यांचे युक्तिवाद एकेक करून तपासले होते आणि ते पटण्याजोगे नाहीत असा निष्कर्ष काढला होता. तो भाग अंतिम प्रतीतून काढण्यात आला. संघटना बाहेर मात्र विज्ञान अजून निश्चित झालेले नाही असेच सांगत राहिली, आणि हा वगळलेला भाग एका न्यायालयीन दाव्यातल्या कागदपत्रांतून २००९ मध्ये लोकांपुढे आला. त्या सल्लागारांपैकी कोणाला मी ओळखत नाही, पण आपण लिहिलेली पाने गळालेली प्रत हातात आल्यावर त्यांना काय वाटले असेल याची कल्पना मी करू शकते.

साखर उद्योगाचे प्रकरण याहून शांतपणे घडले. अमेरिकेतील शुगर रिसर्च फाउंडेशनने हार्वर्डच्या संशोधकांना सुमारे साडेसहा हजार डॉलर दिले, आणि १९६७ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात हृदयविकाराच्या बाबतीत साखरेचा वाटा कमी लेखणारा आणि रोख स्निग्ध पदार्थांकडे वळवणारा आढावा प्रसिद्ध झाला. पैसे कोणी दिले याचा उल्लेख त्यात नव्हता. हे सगळे उजेडात यायला २०१६ साल उजाडले. संबंधित नियतकालिकाने हितसंबंध जाहीर करण्याची अट १९८४ मध्ये घातली, त्यामुळे १९६७ मध्ये कोणाचा नियमभंग झाला असे म्हणता येत नाही. नेमके इथेच मला थांबून विचार करावासा वाटतो, कारण आमच्याही खोलीत ‘कोणी विचारले नव्हते’ हेच उत्तर तयार होते. सिगारेट कंपन्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती एका वाक्यात सांगते. १९९४ मध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे शपथेवर निकोटिनचे व्यसन लागत नाही असे आपले मत सांगितले. पुढे चार वर्षांनी ४६ राज्यांशी झालेल्या तडजोडीत त्यांना आपली लॉबिंग संस्था बंद करावी लागली आणि अंतर्गत कागदपत्रे खुली ठेवावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखूविषयक करारात, जो २००५ पासून लागू आहे, या उद्योगाच्या व्यापारी हितसंबंधांपासून आरोग्यविषयक धोरणाचे रक्षण करावे असे स्वतंत्र कलम आहे. एखाद्या उद्योगाने इतक्या वेळा ओळी गाळल्या की त्याला खोलीबाहेर ठेवण्याची तरतूद करावी लागली.

गाळलेली माहिती धोकादायक ठरते ती पुढे नक्कल होत जाते म्हणून. २०१३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने बँकांच्या डेरिव्हेटिव्ह (दुसऱ्या मालमत्तेच्या किमतीवर बेतलेल्या) व्यवहारांवरील निर्बंध सैल करणारे एक विधेयक मंजूर केले. त्याच्या ८५ ओळींपैकी ७० हून अधिक ओळींत सिटीग्रुप या बँकेच्या शिफारशी उतरल्या होत्या आणि दोन कळीचे परिच्छेद जवळजवळ शब्दशः घेतलेले होते, असे तिथल्या वृत्तपत्राने दाखवून दिले. त्याच वर्षी युरोपातील माहिती-संरक्षण कायद्यावर सदस्यांनी मांडलेल्या काही दुरुस्त्या कंपन्यांच्या निवेदनांतून जशाच्या तशा उचलल्याचे आढळले. ही बातमी वाचून लोकांना राग येतो आणि तो रास्त आहे, पण मला त्या वेळी माझी पाचवी ओळ आठवली. मसुदा लिहिणारा माणूस थकलेला असतो, तारीख जवळ आलेली असते, आणि आपल्यापुढे आलेला नीटनेटका मजकूर तो विश्वासाने उचलतो. त्या विश्वासावर आमचा सगळा व्यवसाय उभा आहे. आपला मजकूर कायदा होऊ शकतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तो कायदा लिहीत असल्याच्या जबाबदारीनेच लिहिला पाहिजे.

कायद्यांनी यावर उपाय शोधला तो मुख्यतः नोंदणीचा. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिस्टना नोंदणी करावी लागते, युरोपीय संघाची सामाईक नोंदवही २०११ मध्ये सुरू झाली, आणि आयर्लंडच्या २०१५ च्या कायद्यानुसार कोणाला भेटलो, कोणत्या विषयावर आणि काय साध्य करण्यासाठी, हे वर्षातून तीन वेळा लिहून द्यावे लागते. चिलीने २०१४ मध्ये भेटीगाठी जाहीर करण्याचे ओझे अधिकाऱ्यावर टाकले, जे मला जास्त शहाणपणाचे वाटते, कारण भेटायला येणारे शेकडो असतात आणि खुर्ची एकच असते. तरी प्रत्येक नोंदवहीला दार असतेच. अमेरिकेत एखाद्या अशिलासाठी दिलेल्या वेळातला २० टक्क्यांहून कमी वेळ या कामात गेला तर नोंदणी करावी लागत नाही, आणि पुष्कळ माजी लोकप्रतिनिधी स्वतःला ‘सल्लागार’ म्हणवून त्या रेषेच्या अलीकडे राहतात. ब्रिटनचा २०१४ चा कायदा फक्त बाहेरून नेमलेल्या लॉबिस्टना लागू होतो, त्यामुळे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी ग्रीनसिल कंपनीसाठी मंत्र्यांना संदेश पाठवले तेव्हा, ते कंपनीचेच कर्मचारी असल्याने, त्यांना नोंदणी करणे आवश्यक नव्हते. युरोपीय आयोगाचे माजी अध्यक्ष बारोसो यांनी पद सोडल्यावर २० महिन्यांनी गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेत प्रवेश केला; पद सोडल्यावर अशा नोकरीआधी थांबण्याची मुदत १८ महिन्यांची होती. नियम मोडला नाही, मात्र विवेकाचा अभाव दिसला, असे नैतिकता समितीने नोंदवले आणि मुदत पुढे वाढवण्यात आली.

या नोंदवह्या हव्यातच, त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण त्यांतून कोण कोणाला भेटले हे कळते, काय सांगितले गेले नाही ते कळत नाही. आमची भेट आयर्लंडच्या नमुन्यात भरली असती तर प्रत्येक रकाना बरोबर भरला गेला असता.

उद्योग संघटनांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ओळी गाळण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याकडे सोपवले जाते. कंपनी स्वतःच्या नावाने एक सांगते आणि जिची वर्गणी भरते ती संघटना नेमके उलटे सांगते. अशा वेळी कंपनीने वर्गणी भरत राहणे म्हणजे त्या म्हणण्यावर सही करणेच आहे, असे मी मानते. २००९ मध्ये हवामानविषयक भूमिकेवरून ॲपल आणि वीज क्षेत्रातील एक्सेलॉनसारख्या कंपन्यांनी अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योग संघटनेचे सदस्यत्व सोडले होते, म्हणजे बाहेर पडता येते.

मी ती नोकरी त्यानंतर दोन वर्षांनी सोडली. आता स्वतंत्रपणे निवेदने लिहून देते, आणि काम घेण्याआधी एक अट सांगते. प्रत्येक निवेदनात ‘आमच्या म्हणण्याविरुद्ध जाणारी माहिती’ हा परिच्छेद असेल, आणि त्यात चाचण्या किती घेतल्या, जोडल्या किती, आणि उरलेल्यांचे काय झाले हे लिहिलेले असेल. काही जण ही अट ऐकून परत येत नाहीत. एका अशिलाने मसुदा पाहून तो परिच्छेद परिशिष्टात, शेवटच्या पानावर टाकायला सांगितला. मी नकार दिला, आणि दोन आठवड्यांच्या बोलण्यानंतर तो पहिल्या पानावर राहिला. त्या सुनावणीनंतर समितीच्या सदस्याने सर्वांत जास्त प्रश्न त्याच परिच्छेदावर विचारले. अशिलाच्या तीन मागण्यांपैकी एक फेटाळली गेली आणि दोन मान्य झाल्या.

हीटरच्या जाळीचे मानक गेल्या वर्षी पुन्हा विचारार्थ आले. जुन्या कंपनीबरोबरचा गोपनीयतेचा करार अजून लागू असल्याने ते तीन आकडे मी उघड करू शकत नाही, आणि ते जाहीर करावेत असे मी कंपनीला लिहिलेल्या पत्राला उत्तर आलेले नाही. म्हणून मी स्वतःच्या नावाने एक पानाची सूचना पाठवली. चाचणीचे निकाल सादर करणाऱ्या प्रत्येकाने घेतलेल्या एकूण चाचण्यांची संख्या लिहावी, न जोडलेल्या प्रत्येक चाचणीचे कारण द्यावे, आणि अनुक्रमांक मूळ नोंदवहीतले ठेवावेत, नव्याने लावू नयेत, एवढेच त्यात म्हटले आहे. सूचना मिळाल्याची पोच आली आहे. सुनावणीची तारीख अजून जाहीर व्हायची आहे.